कर्मवीर भाऊराव पाटील

थोर पुरुषांची चरित्रे वाचावीत, असे वडीलधारी मंडळी मुलांस नेहमीच सांगत असतात. परंतु ती वाचता वाचता मुलांच्या मनात एक चुकीची समजूत घर करून बसते. थोर माणसे दूर देशी, मोठ्या नगरांत व धनाढ्य घराण्यांत जन्मास येतात आणि आपल्या गावच्या धुळीशी त्यांचा काही संबंध नसतो, असे त्यांस वाटू लागते. ही समजूत दूर व्हावी म्हणून यंदाच्या अंकाकरिता आम्ही असे एक चरित्र निवडले आहे की, ज्याच्या नायकाचा जन्म हुपरीच्याच तालुक्यात झाला. हातकणंगले तालुक्याच्या एका अंगास हुपरी आहे, तर दुसऱ्या अंगास, बाहुबलीच्या डोंगराजवळ, कुंभोज आहे. हुपरीचे नाव तेथील चांदीच्या पैंजणांनी दूरवर नेले. कुंभोजचे नाव एका अनवाणी फिरणाऱ्या, दाढीधारी, खादी ल्यालेल्या पुरुषाने नेले. ते पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील होत.

हे चरित्र निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. एखाद्या धर्माच्या वा जातीच्या आश्रयाने निघालेल्या शाळेत दुसऱ्या धर्माच्या मुलाने का जावे, आणि गेल्यास त्यास तेथे आपलेपण मिळेल काय, असा प्रश्न पालकांच्या मनात पुष्कळदा येतो. कित्येक वेळी तो उघड विचारलाही जातो. आमच्यासारख्या मिशनच्या शाळांत आयुष्य घालविणाऱ्या शिक्षकांनी हा प्रश्न टाळणे योग्य नाही. भाऊरावांच्या आयुष्यात हाच प्रश्न अगदी विद्यार्थिदशेत उभा राहिला व त्यांनी त्याचे उत्तर शब्दांनी न देता सबंध आयुष्याने दिले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे घराणे जैन. वडील पायगोंडा हे सरकारी नोकरीत कारकून होते व त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्या होत असल्यामुळे मुलाचे शिक्षण एका ठिकाणी स्थिर झाले नाही. लहानपणापासून शरीराने दणकट, स्वभावाने हूड आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा असा हा मुलगा होता. पुस्तकापेक्षा कुस्तीच्या हौद्यात त्याचे मन अधिक रमे. पुढे इंग्रजी शिक्षणाकरिता त्यास कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घालण्यात आले आणि राहण्याजेवण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली.

ही बोर्डिंगे म्हणजे काय, हे आजच्या मुलांस नीट समजावून सांगितले पाहिजे. त्या काळी खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलास शहरात शिकावयाचे झाल्यास शाळेच्या फीपेक्षा मोठी अडचण भाकरीची असे. शहरात नातलग नाही, खाणावळ परवडत नाही, आणि एका जातीच्या मुलाने दुसऱ्या जातीच्या घरी जेवावे ही गोष्ट रूढीस मान्य नाही. त्यामुळे हुशार मुलेही गावीच गुरांमागे राहत. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण ओळखली. सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवण्याचा प्रयत्न प्रथम साधला नाही, तेव्हा ज्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांस जवळ करून, जागा व वार्षिक मदत देऊन, त्यांनी निरनिराळ्या समाजांची विद्यार्थिगृहे उभी करविली. १९०१ साली मराठा व जैन समाजांची बोर्डिंगे निघाली, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांकरिता सोय झाली, आणि पुढे लिंगायत, ख्रिस्ती व इतर अनेक समाजांच्या मुलांकरिता अशी गृहे कोल्हापुरात झाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क यांच्या नावाने एक वसतिगृह स्थापन झाले. ज्या मुलांस कोठेही थारा नव्हता, त्यांस आपल्या माणसांत अन्न मिळाले व अभ्यासास दिवा मिळाला. हे उपकार लहान नव्हते. भाऊरावही याच सोयीमुळे शिकू शकले.

परंतु भिंती ऊन-पावसापासून राखतात तशा शेजाऱ्यापासून वेगळेही करतात. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव मोठ्या उत्साहाने गेले. परत आल्यावर, अस्पृश्यांचा संपर्क झाला म्हणून स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांस सांगण्यात आले. स्नानास त्यांचा नकार नव्हता. परंतु माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो हे मान्य करून केलेल्या स्नानास होता. ते हट्टास पेटले. बोर्डिंगची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे पाहत असत. शिस्तभंगाबद्दल भाऊरावांस बोर्डिंग सोडावे लागले. ज्या दाराने त्यांस आत घेतले होते, त्याच दाराने त्यांस बाहेर घातले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने काही काळ ते कोल्हापुरात राहिले व महाराजांचा सर्वांस सारखे लेखण्याचा बाणा त्यांनी जवळून पाहिला.

येथे एक गोष्ट आम्ही मुलांपासून लपवून ठेवू इच्छीत नाही. भाऊरावांचे शालेय शिक्षण पुरे झाले नाही. मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंतही ते पोहोचले नाहीत. ज्यांनी पुढे हजारो मुलांस पदवीच्या वाटेस लावले, त्यांच्या हाती स्वतःच्या शिक्षणाचा दाखला नव्हता. नापास झालेल्या मुलाने यावरून आळसाचे समर्थन करू नये. पण निराशही होऊ नये.

शाळा सुटल्यावर भाऊरावांनी पोटासाठी नाना उद्योग केले. काही काळ साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या केल्या. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या कामी ते खेडोपाडी हिंडू लागले. नांगर विकताना त्यांस शेतकऱ्याच्या घराची आतली स्थिती दिसली. कर्जाचा कागद वाचता येत नसल्यामुळे अंगठा उठवणारा बाप आणि शाळा नसल्यामुळे त्याच वाटेने जाणारा मुलगा त्यांनी गावोगाव पाहिला. जमीन नांगराने उलथता येते, पण अज्ञान उलथण्यास दुसरे हत्यार लागते, हा धडा त्यांस पुस्तकात मिळाला नाही. तो बांधावर मिळाला. याच काळात सांगलीजवळ दुधगाव येथे काही मित्रांच्या साह्याने सर्व जातींच्या मुलांकरिता विद्यार्थी आश्रम काढण्याच्या खटपटीत त्यांनी भाग घेतला. वर्गाबाहेर बसून धडे ऐकणाऱ्या घोलप नावाच्या एका अस्पृश्य विद्यार्थ्यास त्यांनी आपल्या घरी नेले व पुढे कोल्हापुरास मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. हा विद्यार्थी पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलाचा सभासद झाला.

१९१४ साली कोल्हापुरात बादशाही घराण्याच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा प्रकार घडला आणि संशयावरून धरपकड सुरू झाली. पोलिसांचा रोख अण्णासाहेब लठ्ठे यांजवर होता. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांस अटक करून त्यांच्यावर दडपण आणण्यात आले. वाचकहो, प्रसंग कसा होता तो ध्यानात घ्यावा. ज्या गृहस्थांच्या हुकुमाने आपणास बोर्डिंगबाहेर पडावे लागले, त्यांचा सूड उगविण्याची संधी सरकारच हातात आणून देत होते. एक खोटी साक्ष दिली की आपली सुटका, आणि जुन्या अपमानाची फेडही. भाऊरावांनी मारहाण सोसली, तुरुंगातील हाल सोसले, परंतु खोटे बोलले नाहीत. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले व १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या त्या मोठेपणाच्या वाटेत एका तरुणाने सोसलेला मार आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मतभेद म्हणजे वैर नव्हे, आणि ज्या संस्थेने आपणास दुखविले तिचे वाईट चिंतणे हा न्याय नव्हे, हे भाऊरावांच्या या वर्तनावरून शिकावे.

यापुढील कथा आपण अंमळ मागे जाऊन पाहिली पाहिजे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ पासून १८४७ पर्यंत एक माळ्याचा मुलगा इंग्रजी शिकत होता. त्याचे नाव जोतीराव फुले. अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यास स्त्रीशिक्षणाची प्रेरणा झाली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी आपला सत्यशोधक समाज स्थापन केला. मिशनच्या शाळेत पडलेले बी मिशनच्या कुंपणाबाहेर रुजले आणि तेथे त्याचे झाड झाले. कोल्हापुरातही १८५२ साली आलेल्या रेव्हरंड वाइल्डर यांच्यापासून मिशनच्या शाळांचे काम चालत आले होते. आपण दिलेल्या विद्येचे फळ आपल्याच अंगणात पडावे असा ज्या शाळेचा आग्रह असेल, तिने शाळा काढू नये, दुकान काढावे. भाऊरावांवर सत्यशोधक विचारांचा मोठा प्रभाव होता. कऱ्हाडजवळील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, सत्यशोधक परिषदेच्या प्रसंगी, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कुणबी, कष्टकरी, सर्व सामान्य जन. संस्थेचे नाव ठेवताना त्यांनी जात, धर्म वा स्वतःचे कूळ यांपैकी कशाचाही उल्लेख केला नाही.

१९२४ साली संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आले व तेथे भाऊरावांनी वसतिगृह काढले. मुले थोडी, पैसा त्याहून थोडा. परंतु या वसतिगृहाची एक गोष्ट त्या काळी लोकांस नवलाची व कित्येकांस संतापाची वाटली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण, अशी कोणत्याही जातीची मुले येथे एकत्र राहत, एका चुलीवर शिजलेले अन्न एका पंक्तीस बसून खात. स्वयंपाक मुलेच करीत, दळण दळीत, पाणी भरीत, शेतात व बांधकामावर राबत. कोल्हापुरात प्रत्येक समाजाची चूल निराळी होती. साताऱ्यात ती एक झाली. हुपरीच्या कारागिरांस ही गोष्ट लवकर उमजेल. निरनिराळ्या घरांतून मोडीस आलेले तोडे, वाळे व साखळ्या एकदा मुशीत आटल्या म्हणजे कोणती चांदी कोणाच्या घरची हे ओळखता येत नाही. कस तेवढा उरतो. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. आश्रय देणाऱ्या राजाचे ऋण भाऊरावांनी अशा रीतीने फेडले.

या घराची माता कोण, हे सांगितल्यावाचून चरित्र अपुरे राहील. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन माहेरच्या. अंगावर सोने घालून सासरी आलेल्या. सोवळ्याओवळ्याच्या रूढींत त्या वाढल्या होत्या. तरी नवऱ्याने घरी आणलेली परजातीची मुले त्यांनी आपल्या लेकरांत धरली. वसतिगृहात धान्य संपले व वाण्याची उधारी थकली, की लक्ष्मीबाईंचा एकेक डाग घराबाहेर पडू लागला. असे करता करता सारे दागिने गेले. एक दिवस मुलांच्या जेवणाची काहीच सोय नव्हती आणि भाऊराव गावाबाहेर होते. तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र दिले. दागिना घडविण्यास किती रात्री जागाव्या लागतात हे ज्या गावास ठाऊक आहे, आणि सौभाग्यलेणे स्त्रीच्या जिवाशी कसे जडलेले असते हे ज्या गावच्या दुकानांत रोज दिसते, त्या हुपरीच्या मायबहिणींस या दानाचे मोल आम्ही सांगावयास नको. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. ज्या मुलांच्या भाकरीसाठी त्यांनी लेणे दिले, ती मुले पुढे शिक्षक, वकील व अधिकारी झालेली पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

पत्नीच्या निधनाने भाऊराव खचले नाहीत. १९३२ साली पुणे करार झाला, त्याचे स्मरण म्हणून त्यांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले व तेथेही सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. शाळा काढावयाच्या तर शिक्षक पाहिजेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू केले. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. मग डोंगरकपारीच्या ज्या वस्त्यांत शाळा कोणी काढीत नव्हते तेथे त्यांनी स्वयंसेवी प्राथमिक शाळा काढण्याचा सपाटा लावला. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे गोठ्यात, कोठे झाडाखाली या शाळा भरत. त्यांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले व तेथे गरीब मुलांस फी न घेता शिकविण्यात येऊ लागले. श्रम करून शिकावे व शिकून श्रमास लाजू नये, हे येथील तत्त्व कमवा आणि शिका या नावाने सर्वत्र प्रसिद्धीस आले. १९४७ साली साताऱ्यासच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि १९५४ साली कऱ्हाडास संत गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले.

या प्रवासात विघ्ने आली नाहीत असे नाही. १९४८ च्या सुमारास सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद पडले. एवढा मोठा संसार, शेकडो शिक्षक आणि हजारो मुले, आणि तिजोरीत पैसा नाही, अशी स्थिती झाली. तेव्हा भाऊराव घोंगडी खांद्यावर टाकून पुन्हा खेड्यांकडे वळले. ज्या रयतेच्या नावाने संस्था काढली होती ती रयत आता तिच्या मदतीस धावली. कोणी जोंधळ्याची पोती दिली, कोणी पैसा दिला, तर कोणी अंगमेहनत दिली. काही काळाने सरकारनेही अनुदान पुन्हा सुरू केले. लोकांच्या भाकरीवर वाढलेली शाळा सरकारी कागदाने एकाएकी मरत नाही, हे त्या वेळी सर्वांस दिसून आले.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण ही पदवी दिली आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या पुरुषापुढे विद्यापीठाने मान लवविली. लोकांनी त्यांस कर्मवीर ही पदवी आधीच दिलेली होती. त्याच वर्षी, ९ मे रोजी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले चालू होती. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. वडाच्या पारंब्या जमिनीस टेकून स्वतःच खोड होतात, त्याप्रमाणे संस्थेत शिकलेली मुले संस्थेत शिक्षक होऊन राहिली, आणि आजही तिचा विस्तार चालूच आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. धर्माच्या वा जातीच्या आश्रयाने निघालेल्या शाळा चांगल्या की वाईट? भाऊरावांचे चरित्र वाचून आम्हास असे वाटते की, त्या नसत्या तर भाऊरावही कोल्हापुरास शिकू शकले नसते. जैन समाजाने आपल्या मुलांकरिता घर बांधले, मिशनऱ्यांनी ज्यांस कोणी विचारीत नव्हते त्यांस पाटी दिली, शाहू महाराजांनी प्रत्येक समाजास आपल्या पायावर उभे केले. ही सर्व पुण्यकर्मेच होती. परंतु अशी शाळा म्हणजे घराची ओसरी आहे. ओसरीवर घरधन्याचे नाव असावे, त्याची उपासना तेथे चालावी, यात गैर काही नाही. वाटसरूने पाणी मागितले असता त्यास प्रथम जात विचारली जाऊ लागली, की मात्र त्या ओसरीची शोभा गेली. मिशनच्या शाळांसही हेच माप लावले पाहिजे, इतरांस लावून आपणास वगळणे बरे नव्हे. आमच्या वर्गात प्रार्थना कोणती होते यावरून आमची परीक्षा होणार नाही. प्रार्थना निराळी असणाऱ्या मुलास आम्ही कोठे बसवितो, यावरून होईल.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे की, मुलाचे हात भट्टीकामास उपयोगी पडू लागले म्हणून त्याची शाळा सोडवू नये. कारागिरीत कमीपणा मुळीच नाही. भाऊरावांच्या मुलांनीही हाताने काम करीतच विद्या मिळविली. दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे. घरातील एखादा डाग मुलीच्या वा मुलाच्या शिक्षणाकरिता मोडावा लागला तर लक्ष्मीबाईंची आठवण करावी.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शेजारी डबा उघडून बसणारा मुलगा कोणत्या घरचा आहे याची चौकशी तुम्ही करू नका. त्याच्या डब्यात काही आहे की नाही, एवढे मात्र अवश्य पाहा. नसेल तर आपली भाकर मोडून अर्धी त्यास द्या.